शहागडच्या फाळक्याचा जळफळाट

मित्रांनो, ट्रकच्या पाठीमागं लाकडी दार असतं ना, खाली पाडलं की माल उतरवायचा आणि वर उचलून साखळी अडकवली की गाडी निघाली, त्याला फाळका म्हणतात. तसलाच एक फाळका मी. वयानं जुना, रंगानं काळा आणि स्वभावानं जळका. पहिल्या दोन गोष्टी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात. तिसरी मी आजवर पोटात ठेवली होती, ती आज तुम्हांला सांगतो.

जालन्यात एका सुतारानं मला घडवलं. बाभळीच्या पाच फळ्या आणि त्यांना आवळून धरणाऱ्या चार लोखंडी पट्ट्या. मग पेंटर आला आणि पिवळ्या रंगात माझ्या पाठीवर लिहून गेला, 'जलो मत, बराबरी करो'. बघा माझं नशीब! ज्याच्या पोटात जन्मापासून आग, त्याच्याच पाठीवर हा उपदेश.

माझी गाडी कधी मोसंबी घेऊन जायची, कधी कारखान्यातून निघालेल्या सळया. पुढच्या काचेला झेंडूचा हार, चालकाच्या डोक्यावर देवाचा फोटो, आणि मला काय? रस्त्याची धूळ. त्या काचेचा मला भारी राग यायचा. पण एक सुख माझ्याच वाट्याचं होतं. मागून येणारा प्रत्येक जण मला वाचायचा. मोटारीतला साहेब असो नाहीतर दुधाच्या कॅनवाला, पुढं जायला वाट मिळेपर्यंत त्याला दुसरं काम काय? वाचून घेण्याची चटक मला तिथंच लागली. ती वाईट चटक आहे, बाबांनो. एकदा लागली की सुटत नाही.

बारा वर्षं मी रस्त्यावर काढली. मग गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं, शहागडला, आमच्या गाडीचा एक्सल मोडला आणि मालकानं गाडी भंगारात काढली. मला मात्र धर्मराजनं उचलून आणलं. धर्मराज शेतकऱ्याच्या घरचा, पण रस्ता मोठा झाला तसं त्यानं कडेला चहाभज्यांचं हॉटेल टाकलं होतं. त्याची बायको पुष्पाबाई कढईपुढं, तो गल्ल्यावर. पहिले सहा महिने त्यानं माझं बाकडं केलं. माझ्यावर माणसं बसायची! ज्याला लोकांनी वाचायचं, त्याच्यावर लोकांनी बसायचं? काय सांगू तुम्हांला, नुसता तिळपापड व्हायचा माझा.

त्यातून मला सोडवलं भागचंदशेठनी. रस्त्याच्या पलीकडं त्यांचं किराणा दुकान आहे. चार पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं राजस्थानातून आलं, आता बोलणं सगळं आमच्यासारखं. हॉटेलात पेपर एकच यायचा आणि त्याच्यावरून रोज ओढाताण व्हायची. शेठ म्हणाले, "धर्मा, ह्या फळीला काळा रंग मार अन् भिंतीला ठोक. रोज एकच नवलाची गोष्ट मोठ्या अक्षरात लिहीत जा. बिलकुल भांडण न्हाई."

झालं! मी भिंतीवर चढलो. वरच्या पट्टीवर कायमचं लिहिलं गेलं, 'आजचं नवल'. खाली रोज खडूनं नवा मजकूर.

शेठनी त्याला दोन नियम घातले. एक, लिहिण्याआधी गोष्ट त्यांना सांगायची आणि त्यांच्या तीन प्रश्नांना उत्तर द्यायचं. कोणी पाह्यलं? कुठं पाह्यलं? कशावरून? दुसरा नियम जरा कडक होता. चूक झाली तर ती लपवायची नाही. जितके दिवस चूक भिंतीवर राहिली, तितकेच दिवस दुरुस्ती राहील, तीही लिहिणाऱ्याच्या हातची. एकदा शेठ लग्नाला गेलेले असताना धर्मराजनं ठोकून दिलं की उंटाच्या मदारीत पाणी साठवलेलं असतं. दोन दिवसांनी शेठ परतले आणि चपलाही न काढता माझ्यापुढं उभे राहिले. "अरे, आमच्या मूळ गावी घरोघर उंट हैत. पाणी न्हाई, चरबी असते त्यात!" मग दोन दिवस मी 'चूक झाली, उंटाच्या मदारीत चरबी असते' असं अंगावर घेऊन उभा. लाज वाटली मला, पण लोक ते वाचून हसत हसत चहा पिऊन गेले.

सुरुवातीला पेपरातलं आणि ट्रकवाल्यांनी सांगितलेलं नवल यायचं. मग धर्मराजची लेक तृप्ती अंबडच्या कॉलेजात जाऊ लागली आणि तिच्या हातात मोबाईल आला. आता ती रोज सकाळी बापाला इंटरनेटवरचं काहीतरी शोधून द्यायची. मेघालयात माणसं जिवंत झाडांच्या मुळांचे पूल विणतात. एका बेटावर दरीच्या ह्या अंगाचा माणूस त्या अंगाच्या माणसाशी शिट्टीनं बोलतो. ते लिहिलं त्या दिवशी ट्रकवाले चहासुद्धा शिट्टी मारून मागत होते. समुद्रात आठ हातांचा एक प्राणी असतो, त्याला तीन हृदयं असतात, हे वाचून पुष्पाबाई म्हणाली, "तीन काळजं? मंग त्याला लेकी किती?"

ते माझे सोन्याचे दिवस होते. एसटीचा कंडक्टरसुद्धा खिडकीतून मान काढून वाचायचा. मला वाटायचं, हा मोबाईल म्हणजे आपला गडी. तो रानोमाळ हिंडून आणतो, आपण मिरवतो.

मग तृप्तीनं ग्रुप काढला. 'शहागडचं नवल' असं त्याचं नाव. नाव माझं, माल माझा, आणि वाचणारे घरात बसून! सकाळी मजकूर माझ्यावर चढायच्या आत तो चारशे जणांच्या खिशात पोचलेला असायचा. लोक हॉटेलात यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि मान खाली घालून मोबाईलमध्ये तेच वाचायचे, जे माझ्यावर हातभर अक्षरात लिहिलेलं असायचं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ते हेच. मूठभर काचेचा तुकडा तो! ऊन पडलं की दिसत नाही, पावसात चालत नाही, संध्याकाळी त्याला भिंतीला बांधून चारा घालावा लागतो. आणि त्याच्यासाठी माणसं मला विसरली. त्याची चार्जिंग संपावी, तो कढईत पडावा, असलं वाईटवंगाळ मी रोज मनात आणत होतो. खोटं कशाला बोलू?

मला शेवटपर्यंत न चुकता वाचणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याची मला किंमत नव्हती. झुंबरबाई. सत्तरी ओलांडलेली म्हातारी, घनसावंगीकडच्या एका खेड्यातली. दर मंगळवारी जीपनं दवाखान्याच्या गोळ्या न्यायला शहागडला यायची आणि परतीची जीप भरेपर्यंत माझ्यासमोर बसायची. शाळा तिनं पाहिली नव्हती. नातीच्या पाटीवर अक्षरं शिकली होती आणि ती विसरू नयेत म्हणून मला वाचायची. दोन ओळींना दहा मिनिटं. "शि... ट्टी... नं..." मला वैताग यायचा. मोबाईलला चारशे वाचक आणि मला काय, तर ही एक!

अशात एका गुरुवारी तृप्ती म्हणाली, "पप्पा, हा फाळका काढू अन् इथं फ्लेक्स लावू. त्यावर ठिपक्यांचा चौकोन असतो. फोन समोर धरला का माणूस सरळ ग्रुपमध्ये."

धर्मराज भजी मोजता मोजता थांबला. "अन् फाळक्याचं काय?"

"पत्र्यावर वजन ठेवायला होईल की," पुष्पाबाई म्हणाली. "मागच्या वाऱ्यात सगळा पत्रा उडून गेल्ता."

पत्र्यावर वजन! मित्रांनो, तोंड वर करून, आभाळाखाली, जिथं कावळ्याशिवाय कोणी वाचायला नाही!

धर्मराजलाही ते लागलं. लेकीचं कौतुक होतं त्याला, पण तिच्या ग्रुपचा हेवाही वाटायचा. पूर्वी 'धर्मराजभाऊ, आज काय नवल?' असं विचारणारे लोक आता 'तृप्तीनं काय टाकलं?' असं विचारायचे. तो म्हणाला, "आठ दिवस दे मला. पुढच्या गुरुवारपर्यंत लोक ह्याच्यासमोर थांबले तर हा राहील. न्हाई थांबले तर आण तुझा फ्लेक्स."

"बराबर," तृप्ती म्हणाली. "आठ दिवस."

गुरुवार कोरडा गेला. शुक्रवारी एक शेळी येऊन माझ्या खालच्या फळीला अंग घासून गेली, तेवढीच वर्दळ. शनिवारी सकाळी तृप्ती मोबाईल चार्जिंगला लावून अंघोळीला गेली आणि धर्मराजनं तो उघडला. त्यात एक चित्र होतं. परदेशातल्या एका लहानशा संग्रहालयानं आपल्या वस्तूंचे फोटो इंटरनेटवर ठेवले होते आणि जगाला विचारलं होतं, ह्या वस्तू कोणाला ओळखू येतात का? त्यात एक लाकडी वस्तू, पितळेच्या बैठकीवर बसवलेली. गोल घुमटासारखी, अंगावर तीन भोकं. खाली इंग्रजीत लिहिलेलं: 'तीन छिद्रांचे पात्र. बहुधा पूजेसाठी. गोदावरी खोरे, भारत.'

धर्मराजचे डोळे चमकले. "आयला! आपल्या गोदावरीचं!"

शेठचं दुकान उघडं होतं. वीस पावलं चालून जायचं आणि तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची, एवढंच. पण तो गेला नाही. शेठनी अडवलं असतं आणि तेवढ्यात लेकीनं ते ग्रुपवर टाकलं असतं तर? त्यानं खडू घेतला आणि तो घुमट माझ्यावर मधोमध काढला, भोकं चांगली ठळक केली. बाजूला लिहिलं: 'गोदावरीच्या राजाचं तीन डोळ्यांचं पूजापात्र! परदेशात सापडलं!' राजा कुठून आला? त्याच्या डोक्यातून. आणि मी? मला कळत होतं की हे नियम मोडून चाललंय. पण माझ्या अंगावर इतकं मोठं चित्र कधीच कोणी काढलं नव्हतं. काढ, अजून मोठं काढ, एवढंच मी मनात म्हणत होतो.

गर्दी काय विचारता! आधी दोन जीपवाले थांबले, मग बस थांबली. तीन डोळे म्हटल्यावर कोणीतरी हात जोडले. दुपारी एक बाई पुढं झाली आणि तिनं चित्राला कुंकू लावलं. रविवारी झेंडूचा हार आला. हार, मित्रांनो! जो हार मी बारा वर्षं पुढच्या काचेवर बघत आलो, तो माझ्या गळ्यात! लोक मोबाईल काढायचे ते माझा फोटो घ्यायला. बघ रे बेट्या, मी त्या मोबाईलला मनात म्हणालो, आता तू माझ्याकडं बघ.

तृप्तीनं पहिल्याच दिवशी बापाला विचारलं होतं, "पप्पा, हे पूजेचं हाये कशावरून? मी त्या संग्रहालयवाल्यांना तेच विचारलंय. म्हणून तर ग्रुपवर टाकलं न्हाई अजून." धर्मराज म्हणाला, "गर्दी पाह्यली का? जळून राह्यलीस तू." भागचंदशेठ दुकानाच्या पायरीवरून नुसते बघत होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तेही फुगून बसले होते.

मंगळवारी झुंबरबाई आली. गर्दीतून वाट काढून आपल्या नेहमीच्या जागेवर टेकली आणि अक्षर अक्षर लावायला लागली. मग चित्राकडं बघितलं. मान तिरकी केली. आणि तोंडाला पदर लावून खुदुखुदू हसायला लागली.

"अगं पुष्पा, ह्याला कुकू कोणी लावलं?"

"देवाचं पात्र हाये ते, झुंबरमाय."

"कशाचा देव? चाडं हाये हे. तिफणीचं चाडं! उलटं काढलंय नव्हं ह्यानं."

तिफण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितली नसेल. बैलानं ओढायचं पेरणीचं अवजार. तिच्यावर एक लाकडी वाटी बांधलेली असते, तेच चाडं. त्यात मुठीनं बी सोडायचं, बुडाच्या तीन भोकांतून ते तीन नळ्यांत उतरतं आणि तीन सऱ्यांत पडतं.

धर्मराजचा चेहरा उतरला. पण सगळं हॉटेल ऐकत होतं. तो मोठ्यानं म्हणाला, "मी चाडं पाह्यलं न्हाई का? माझ्या बापाची तिफण होती की!"

"पाह्यलं अशील. वरून पाह्यलं. तू कासरा धरून पुढं चाललेला. मागं मूठ धरून कोण चालायचं? तुझी माय. वल्ल्या मातीनं भोक बुजलं का चाडं काढून, पालथं घालून, काडीनं कोण साफ करायचं? आमी बाया. तुमाला त्याचं तोंड ठावं हाये बाबा, आमाला त्याची पाठ."

दोन दिवस राहिले होते. चाडं म्हणून कबूल केलं की हार गेला, गर्दी गेली आणि गुरुवारी फ्लेक्स आलाच. धर्मराजला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. तो हसून म्हणाला, "झुंबरमाय, मोतीबिंदू झालाय तुमच्या डोळ्यात. तुमाला काय दिसणार? चहा घ्या अन् जीप धरा."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "म्हातारीला समद्यात तिफणच दिसती." झुंबरबाई उठली. चहा न घेताच जाऊन जीपमध्ये बसली.

आणि मित्रांनो, मला बरं वाटलं. ज्या बाईनं माझं एक एक अक्षर जिवापाड लावलं, तिला लोक हसले आणि मला बरं वाटलं, कारण माझा हार वाचला होता. मी लाकूड, मी काय करणार, असं म्हणून मला सुटता येईल. पण मनात मी हसलो होतो, ते कुठं लपवू? मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात. फळीलाही करतो.

बुधवारी ती पुन्हा आली. तिचा वार नव्हता तरी आली, पहिल्याच जीपनं. काखेत फडक्याचं गाठोडं. सरळ माझ्यापुढच्या टेबलाशी गेली, गाठ सोडली आणि एक लाकडी वाटी पालथी ठेवली. वापरून वापरून गुळगुळीत झालेली, कडेला एक चीर, तिला तारेचा टाका. गोल घुमट. तीन भोकं.

"मोज," ती धर्मराजला म्हणाली.

मोजायचं काय त्यात? हातच्या काकणाला आरसा कशाला?  तेवढ्यात भागचंदशेठ पायरी उतरून आले, दुकानातली ओंजळभर ज्वारी कागदात घेऊन. "झुंबरबाई, चालवून दावा. मी तीन सवाल विचारतो ना, त्याचं उत्तर तुमीच द्या."

तिनं चाडं उताणं केलं आणि तृप्तीला दोन्ही हातांनी उचलून धरायला लावलं. मग मूठ भरली, चाड्याच्या तोंडाशी नेली आणि बोटं किंचित ढिली केली. मूठ अशी फिरली की काय सांगू! टेबलावर ज्वारीच्या तीन धारा पडल्या, तिन्ही सारख्या. भजी तळणारी पुष्पाबाई झारा हातात घेऊन बघत राहिली. 

शेठ म्हणाले, "कोणी पाह्यलं, समद्यांनी. कुठं पाह्यलं, इथं. कशावरून, ते टेबलावर पडलंय. धर्मा, नियम ठावा हाये ना?"

"पप्पा," तृप्ती हळूच म्हणाली, "मी टाकू का ग्रुपवर? तुमी नका लिहू."

तिनं बापाला वाचवायलाच विचारलं होतं. धर्मराजनं मान हलवली. "न्हाई. शेण मी खाल्लं, मीच निस्तरतो."

त्यानं माझा हार काढला. ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. मला ते किती लागलं म्हणून सांगू! मग खडू घेऊन त्यानं लिहिलं: 'चूक झाली. हे पूजापात्र नाही. राजा वगैरे कोणी नाही. हे तिफणीचं चाडं आहे. ज्यांनी ओळखलं, त्यांना आम्ही हसलो. न विचारता लिहिणारा, धर्मराज.'

मग तो तिच्याकडं वळला. "झुंबरमाय, चुकलं माझं. काल तुमाला हसलो."

"हसलास त्याचं न्हाई रे काही," ती चाडं फडक्यात बांधत म्हणाली. "कुकवाचं बी न्हाई. पेरणीच्या आधी आमी लावायचोच की चाड्याला कुकू. पर मूठ धरली आमी, तुझ्या मायनं, अन् नाव कोणाचं टाकलंस? राजाचं. कोणता राजा आल्ता रे पेरायला?"

धर्मराजनं तोंड फिरवलं आणि उगाच गल्ल्यातली सुपारी शोधायला लागला.

गुरुवारी फ्लेक्स आला. ठरलं म्हणजे ठरलं, आणि खोट्यावर जमलेली गर्दी धर्मराजनं मोजली नाही. दुरुस्ती वाचायला गर्दी थांबली नव्हती, हार घालायला आलेल्यांपैकी एकही परत फिरकला नाही. मला भिंतीवरून उतरवलं आणि माझ्या जागी तो गुळगुळीत, रंगीत, ठिपक्यांचा चौकोन छातीवर घेतलेला फ्लेक्स चढला. पत्र्यावर जायची मी तयारी केली होती. पण धर्मराज म्हणाला, "दुरुस्तीचे अजून तीन दिवस हैत, ते भरू दे," आणि मला बाजूच्या भिंतीला, जीपा उभ्या राहतात तिकडं ठोकलं. तीन दिवस भरले. नंतर मला कोणी काढलं नाही, एवढंच. तृप्ती येताजाता अधूनमधून काही लिहायची.

पंधरा दिवसांनी ती धावतच हॉटेलात आली. तिनं चाड्याचे फोटो, उताणे आणि पालथे, झुंबरबाईची सगळी हकिगत लिहून त्या संग्रहालयाला पाठवले होते. उत्तर आलं होतं. त्यांनी पाटी बदलली होती! ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. कोणकोणत्या देशांतल्या माणसांनी ते वाचलं म्हणे. आणि माझं? जळफळाट, दुसरं काय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. जगभर गेला तो मोबाईल. परदेशात पितळेच्या बैठकीवर बसलं ते चाडं. चाड्याचाही हेवा वाटला मला! मी आपला जीपांच्या धुरात.

पण झुंबरबाईकडं मोबाईल नव्हता. म्हणून मंगळवारी सकाळी तृप्तीनं खडू घेतला, भागचंदशेठना हाक मारून तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि माझ्यावर लिहिलं: 'परदेशात नवी पाटी लागली. तिफणीचं चाडं. पेरणाऱ्या बाया ह्यातून मुठीनं बी सोडतात. माहिती देणाऱ्या, झुंबरबाई, तालुका घनसावंगी.'

ती आली. जीपमधून उतरून माझ्यासमोर टेकली. "प... र... दे... शा... त..." मी एरवी वैतागायचो. त्या दिवशी मला वाटत होतं, हळू वाच बाई, अजून हळू वाच. शेवटच्या ओळीला ती उठून जवळ आली. एकेका अक्षराखाली बोट ठेवत गेली. झुं. ब. र. बा. ई. मग थांबली. पुन्हा पहिल्या अक्षरावर बोट नेलं आणि पुन्हा वाचलं. जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःचं नाव दुसऱ्याच्या हातचं, एवढ्या मोठ्या अक्षरात, चारचौघांत लिहिलेलं पाहिलं होतं. तिच्या बोटाला खडू लागला आणि तिचा श्वास माझ्या फळ्यांना लागला. तेव्हा मला कळलं की वाचलं जाणं म्हणजे काय. चारशे असोत नाहीतर चार हजार, असं मला कोणीच वाचलं नव्हतं.

"झुंबरमाय, हे महिनाभर ठेवते मी," तृप्ती म्हणाली. "कोणाला पुसू देणार न्हाई."

ठेव, ठेव! मीही मनात ओरडलो.

झुंबरबाई हसली. "कशाला गं? वाचलं ना मी." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आपलं नाव आपल्याच हातानं पुसून टाकलं. "मूठ सोडल्याबिगर दुसरी भरता येती का, पोरी? लिही आता दुसरीचं कोणाचं."

मित्रांनो, मी सुधारलो असं म्हणणार नाही. फ्लेक्स फडफडला की आजही माझ्या पोटात दुखतं. पण एवढं माझं ऐका. मोबाईलवर कुठं नवल दिसलं, तर पुढं पाठवायच्या आधी एकदा मान वर करा. घरात, शेजारी, जीपच्या मागच्या सीटवर एखादं जुनं माणूस असेल. ते दोन ओळींना दहा मिनिटं लावेल. लावू द्या. त्याच्या हातानं काय काय धरलंय ते विचारा. आणि सांगितलं त्यानं, तर खाली त्याचं नाव लिहायला विसरू नका.